बिनदांड्याचा ल

माझं आडनाव पांढरीपांडे. भोपाळमध्ये ते कुणाला पेलत नाही. कारखान्याच्या शाळेत मी जन्मभर फिजिक्स शिकवलं ते 'पांडे मॅडम' म्हणूनच, आणि निम्म्या पालकांना मी बनारसकडची वाटायचे. आधी मी चिडून दुरुस्त करायचे, मग नाद सोडला. मुलांना विजेचं वहन शिकवायचं की पालकांना नागपूरची आडनावं? पण हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ याच जातीचा आहे.

आमचे हे, म्हणजे मधुकर, कारखान्यात इंजिनिअर होते. विजेवर चालणाऱ्या मोठाल्या मोटारी थंड कशा ठेवायच्या, वारा त्यांच्या पोटात कुठून शिरवायचा आणि कुठून बाहेर काढायचा, हे ठरवण्यात यांची नोकरी गेली. वाऱ्याचा इतका विचार करणारा माणूस तोंडातून मात्र वारा सोडायला तयार नसायचा. "भाजी कशी झालीय?" म्हटलं की उत्तर यायचं, "मीठ." आता ते कमी झालंय की जास्त, हे आपण यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. एका शब्दात संसार केला या माणसाने! मी दोघांच्या वाटणीचं बोलत आले, म्हणून घर चाललं.

गेल्या दिवाळीत यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि होती नव्हती ती वाचाही गेली. 'हो' आणि 'नको' एवढे दोन शब्द उरले, तेही कधी उलटेसुलटे पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं, किती समजतंय ते नक्की सांगता येत नाही. लोकांनी मात्र ते नक्की करून टाकलं. इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत जो येईल तो यांच्या समोर बसून यांच्याबद्दल बोलायचा, जणू खुर्चीत माणूस नाहीच. मला सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. आणि रात्री मलाच भीती वाटायची, की त्यांचंच खरं असलं तर?

मे महिन्यात एक दिवस उदय ठोसर आला. पूर्वी आम्ही कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये होतो, तेव्हा भिंतीपलीकडे राहणाऱ्या प्रमिलाताईंचा हा मुलगा. माझ्याच वर्गात शिकला आणि आता विद्यापीठाच्या डेटा सेंटरचा इन्चार्ज झालाय. डेटा सेंटर म्हणजे एक भली मोठी बंद खोली. विद्यापीठाचे निकाल, प्रवेश, संशोधनाची गणितं करणारे ढीगभर कॉम्प्युटर तिथे उंच कपाटांत रचलेले असतात आणि चोवीस तास चालतात. ते तापतात, म्हणून त्यांना सतत गार हवा लागते. ती हवा कशी द्यायची याची रचना रिटायर झाल्यावर यांनी करून दिली होती. मूळ जमिनीवर हातभर उंचीवर दुसरी जमीन, मधल्या पोकळीतून एसीचा गार वारा, आणि कपाटांसमोरच्या जाळीच्या फरशांमधून तो वर. कारखान्याबाहेर यांनी केलेलं हे एकच काम. आपलं काम पाहायला यांनी मला एकदाच कुठे नेलं असेल तर तिथे, आणि तिथेही "हे" एवढंच बोलले.

उदयने चहा घेतला, यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, काकांना बोलू नका, पण..."

"ते समोर बसलेत, उदय. त्यांचे कान शाबूत आहेत."

तो ओशाळला. मग सांगू लागला. विद्यापीठाने सगळ्या इमारतींचा विजेचा खप मोजायला घेतलाय. डेटा सेंटरला स्वतंत्र मीटर बसवले, एक यंत्रांचा आणि एक एकूण. तर यंत्रांना शंभर युनिट लागली की त्यांना थंड ठेवायलाच आणखी पंच्याण्णव जातात.

"म्हणजे जेवणाऱ्याइतकंच वाढपी जेवतोय," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली काकू! आणि तरी यंत्रं तापतात. दोन एसी एक्स्ट्रा लावले, टेम्परेचर एकदम लो केलं, पण फर्क काहीच नाही. आता कमिटीने डिसाइड केलंय, सुट्टीत ती फरशी उखडायची. रिपोर्टमध्ये लिहिणार आहेत की मूळ डिझाइनच चूक होतं."

"कुणाचं डिझाइन?"

उदयने यांच्या खुर्चीकडे पाहिलं. माझं डोकंच फिरलं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी दोष मारायला या कमिटीवाल्यांना काही वाटत नाही? आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. जाड, ओढलेला, पण स्पष्ट.

"खाली."

दिवाळीनंतर पहिल्यांदा नवीन शब्द! मी धावत गेले. "काय हवंय? काय खाली?" खुर्चीखाली पाहिलं. चप्पल होती, ती पायात घातली. त्यांनी ती झटकली. "खाली," पुन्हा म्हणाले. खुर्चीवरून पलंगावर निजवू का म्हणून विचारलं तर डावा हात जोरात हलवला.

यांना सांभाळायला आनंद नगरहून कमल येते. भोपाळचीच, हिंदी बोलणारी, मनाने फार चांगली. ती आतून ओरडली, "अरे आंटीजी, अंकलजी का पेट खाली है! सुबह से खाया क्या है उन्होंने?" आणि पोह्यांची बशी घेऊन आली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, त्यामुळे तिचंही काही चुकलं नव्हतं. यांनी पोहे खाल्ले, पण नजर उदयवर होती.

त्या दिवसापासून हे दिवसातून कितीदा तरी 'खाली' म्हणू लागले. मी मराठीतली, मी जमिनीवर शोधायचे. पलंगाखाली, टेबलाखाली, कूलरच्या टाकीखालीसुद्धा पाहिलं. कमल हिंदीतली, ती भरवायची. बिचाऱ्यांचं वजन वाढलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "असा एखादा शब्द अडकून बसतो. त्यात अर्थ शोधू नका." शेजारच्या कुसुमताईंनी तर कमललाच विचारलं, "दिमाग से बिलकुल खाली हो गए क्या?" मी दारातच होते. "माझा नवरा रिकामा डबा नाही," म्हणून त्यांच्या अंगावर अशी ओरडले की त्या चार दिवस फिरकल्या नाहीत. बरं वाटलं मला. पण फोन ठेवल्यावर डॉक्टरांचं वाक्य काही डोक्यातून गेलं नव्हतं, हेही खरं.

फरशी उखडायचा दिवस जवळ आला तसं मला राहवेना. यांची चूक असेल तर असेल, पण ती मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. मी उदयला फोन केला आणि सांगितलं की उद्या येतेय, मला ती खोली दाखव.

"काकू, तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"वारा," मी म्हटलं.

वारा दिसत नाही, पण वारा काय करतो ते दिसतं, हे मी सातवीच्या मुलांना शिकवायचे. त्यासाठी उदबत्ती उत्तम. ती मी पर्समधून काढली मात्र, उदय किंचाळलाच. "काकू, नो! धूर झाला तर अलार्म वाजेल, फायर ब्रिगेड येईल!" मग मी दुसरं हत्यार काढलं. फूटपट्टीला चिकटवलेल्या पतंगी कागदाच्या पट्ट्या, बोटभर लांब. आदल्या संध्याकाळी कापून ठेवल्या होत्या.

बाहेर भोपाळचं ऊन रस्ता वितळवत होतं आणि आत मी शाल पांघरून उभी. केवढा तो आवाज! सगळ्या पिठाच्या गिरण्या एकदम चालू केल्यासारखा. कपाटांच्या तीन ओळी होत्या. पहिली आणि तिसरी यंत्रांनी खच्चून भरलेली, मधली ओळ मात्र रिकामी. निळे दिवे नाहीत, वायरी नाहीत, कपाटांची नुसती उघडी दारं.

मी पहिल्या ओळीसमोर जाळीच्या फरशीवर फूटपट्टी धरली. पट्ट्या लटकून राहिल्या. फरशी-फरशीवर धरत शेवटपर्यंत गेले, एखादी जेमतेम हलली. तिसऱ्या ओळीतही तेच. यंत्रांच्या मागे हात नेला तर भट्टी. मग मधल्या रिकाम्या ओळीसमोर आले आणि पट्ट्या ताडकन उभ्या राहिल्या. थडथड नाचायला लागल्या. माझी शाल उडाली.

"उदय, अरे सगळा वारा इथे येतोय! इथे तर चिटपाखरू नाही!"

तो जवळ आला. त्याने हात धरून पाहिला. "पण काकू, ही ओळ तर खाली ठेवायची असते."

"का?"

"म्हणजे... रूल आहे. मी जॉइन झालो तेव्हापासून. आग लागली तर सेफ्टी गॅप म्हणून."

तिथे त्याचे सहायक दिगंबर होते, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले की आगीचा संबंध नाही, जमिनीवर जास्त वजन पडू नये म्हणून ओळ खाली ठेवतात. दारावरच्या चौकीदाराला विचारलं तर त्याचं तिसरंच. "मैडम, नई मशीनें आने वाली हैं दिल्ली से, उनके लिए रिज़र्व है." किती वर्षांपासून येताहेत, विचारलं तर हसला. मला आता खरंच गंमत वाटायला लागली. नियम एक, कारणं तीन, म्हणजे मूळ कारण कुणालाच माहीत नाही. असली उत्तरं मी पेपरात पुष्कळ तपासली आहेत.

"पण हा नियम केला कुणी?"

"लिहिलंच आहे ना काकू," उदय म्हणाला, आणि त्याने मला मधल्या ओळीच्या पहिल्या कपाटाशी नेलं. दाराच्या चौकटीवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. वर साफसफाईचे डाग, खालची कड फाटलेली. तिच्यावर जाड पेनाने एकच शब्द लिहिला होता. *खाली*.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचला. आणि उदयला हाताला धरून जवळ ओढलं.

"उदय, हा ल बघ."

"काय झालं त्याला?"

"हिंदीतल्या लला उजवीकडे दांडा असतो. उभा. आठव, तू शाळेत कसा काढायचास. आणि हा बघ, दोन पाकळ्यांचा, बिनदांड्याचा. हा मराठी ल आहे, गाढवा! इथे हिंदी माणसाने लिहिलेलं नाही. हे तुझ्या काकांचं अक्षर आहे."

त्याने बोटाने तो ल गिरवून पाहिला. प्रमिलाताईंचा मुलगा, घरी वरण-भात जेवून वाढलेला, आणि इतकी वर्षं रोज त्या चिठ्ठीसमोरून जाताना त्याने ती हिंदीत वाचली होती. त्याला तरी काय बोलणार? शाळा हिंदी, मित्र हिंदी, बायकोशी हिंदी. चिठ्ठीच्या फाटलेल्या कडेला लाल शाईचं एक टोक उरलं होतं. तिथे बाण असणार, खाली रोखलेला.

"ही ओळ रिकामी ठेवा असं ते म्हणतच नव्हते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला तो आवरत नव्हता. "ते म्हणत होते, खाली बघा! खाली! तीन आठवडे तेच ओरडताहेत, आणि आम्ही त्यांना पोहे भरवतोय!"

उदय गेला आणि फरशी उचलायची मूठ घेऊन आला. काच उचलणाऱ्यांकडे असते तशी, रबरी तोंडाची. जाळीशेजारची सपाट फरशी निघाली. गार वाऱ्याचा लोट तोंडावर आला. टॉर्च मारला तर आत पत्र्याची रुंद झडप दिसली, बाजूला दांडी, आणि दांडीवर हिरव्या रंगाच्या खुणा. प्रत्येक ओळीला एक अशा तीन झडपा होत्या. मधल्या ओळीची सताड उघडी, बाकी दोन्ही ओळींच्या जेमतेम बोटभर उघड्या.

सगळा उलगडा झाला. सुरुवातीची मोजकी यंत्रं यांनी मधल्या ओळीत ठेवली होती, म्हणून वारा तिकडे सोडला होता. पुढे यंत्रं बदलतील, हलतील, तेव्हा खालची झडप त्याप्रमाणे फिरवा, एवढं सांगायला ती चिठ्ठी. मग जुनी यंत्रं भंगारात गेली, जुनी माणसंही बदलली. नव्या माणसांनी चिठ्ठी वाचली, ओळ रिकामी ठेवली आणि नवी यंत्रं कडेच्या दोन ओळींत कोंबली. एसीवर एसी लावले, आणि विजेचा सगळा गार वारा त्या रिकाम्या कपाटांना घालत राहिले.

"बंद कर ही," मी म्हटलं. उदयने मधली झडप पूर्ण बंद केली, कडेच्या दोन्ही उघडल्या. मी पहिल्या ओळीकडे जवळजवळ पळाले. पट्ट्या उभ्या! या वयात मी टाळ्या पिटल्या. दिगंबरपंतांनीसुद्धा पिटल्या.

फक्त एक गोष्ट मला खटकली. एसीच्या अगदी जवळच्या फरशीवर पट्टी वर उडायच्या ऐवजी आत ओढली जात होती. फरशी वारा द्यायच्या ऐवजी गिळत होती. मी पुन्हा पुन्हा धरून पाहिली. "हे असं का?" उदयने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही. विचार करते." फिजिक्सच्या बाईला 'माहीत नाही' म्हणायला कधीच लाज वाटू नये.

आम्ही दुपारभर तिथे बसलो. यंत्रांचं तापमान उतरत गेलं, तसा उदय एसीचा आकडा हळूहळू वर नेत गेला. जास्तीचे दोन्ही एसी बंद केले. चहाच्या वेळेपर्यंत मीटर सांगायला लागला, शंभरामागे आता पंच्याण्णव नाही, साठाच्या आसपास. उदयने कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला आणि फरशीला हात लावू नका म्हणून सांगितलं. "डिझाइन बरोबर आहे सर," तो म्हणाला. "आम्हाला वाचता आलं नाही." एवढ्या वाक्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं.

रिक्षाने घरी आले. हे खिडकीपाशी खुर्चीत, शेजारी कमल भेंडी चिरत बसलेली. मी पर्स टाकली, यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसले. बोलायला तोंड उघडलं तर रडूच आलं. नवरा आत आहे की नाही या भीतीने मी सहा महिने आतून पोखरून निघाले होते, आणि तो आत बसून एकच दार ठोठावत होता.

"अहो, सापडलं," मी म्हटलं. "खाली. झडप."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला बाकी काही सांगायची गरज उरली नाही. ओठांची डावी बाजू हलली, थांबली, पुन्हा हलली.

"उघडी?"

कमलच्या हातातली भेंडी तशीच राहिली.

"मधली सताड उघडी होती," मी म्हटलं. "तिथे एकही यंत्र नाही. बाकीच्या दोन्ही जवळजवळ बंद. आता मधली पूर्ण बंद केली आणि त्या उघडल्या."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला ती आठी पाठ आहे, भाजीत मीठ चुकलं की पडते ती. डावा हात वर आला आणि नको-नको हलला. बराच वेळ त्यांनी शब्द शोधला. मी मध्ये बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी यांच्या शब्दासाठी गप्प बसून राहिले.

"थोडी," ते म्हणाले.

मला ती वारा गिळणारी फरशी आठवली. मधली झडप पूर्ण बंद केल्याने वाऱ्याला वाट कमी पडली होती. तो एसीजवळून इतक्या वेगाने धावत होता की वर यायच्या ऐवजी जाळीतून वरचीच हवा आत खेचत होता. हे मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं! थोडी उघडी ठेवली की वारा शांत होईल.

मी उदयला फोन लावला. "मधली झडप पूर्ण बंद नको. थोडी उघडी ठेव."

"का काकू? कोण म्हणतंय?"

"काका म्हणताहेत."

पलीकडे यंत्रांच्या घरघराटात फरशी उचलल्याचा आवाज आला. मग उदय म्हणाला, "काकू, त्यांना विचारून सांगा ना, थोडी म्हणजे किती?"

"मी कशाला विचारू?" मी म्हटलं, आणि फोन यांच्या कानाला लावला. "ते इथेच आहेत. तूच विचार."